षट्कोन हे फेसाचे ध्येय नव्हे

मृग लागून समुद्र खवळला की रत्नागिरीत मांडवीच्या आणि भाट्याच्या किनाऱ्यावर फेसाचे थर येऊन पडू लागतात. पुष्कळांना ते प्रदूषण वाटते. बहुतेक वेळा ते तसे नसते. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती मरून कुजल्या की त्यांच्यातली प्रथिने आणि स्निग्ध द्रव्ये पाण्यात उतरतात, पृष्ठभागी गोळा होतात, आणि लाटा त्यांना हवेसकट घुसळतात. पण या लेखाचा वाद त्या गैरसमजाशी नाही. फेस झाल्यावर पुढे त्याचे काय होते, याविषयीची एक समजूत विज्ञानाच्या लोकप्रिय पुस्तकांतून, व्याख्यानांतून आणि शाळेच्या प्रदर्शनांतल्या तक्त्यांतून इतकी रुजली आहे की तिच्याकडे कोणी पुरावाच मागत नाही. फेसाला वेळ दिला की त्याचे षट्कोन होतात, ही ती समजूत.

पूर्वपक्ष त्याच्या भक्कम रूपात मांडला पाहिजे, नाहीतर खंडनाला अर्थ नाही. तो असा. साबणाच्या पापुद्र्याला ताण असतो, म्हणून तो आपला विस्तार कमीत कमी ठेवू पाहतो. सपाट पृष्ठभागाचे सारख्या क्षेत्रफळाचे तुकडे पाडायचे आणि त्यांच्यामधल्या भिंतींची एकूण लांबी कमीत कमी ठेवायची, तर षट्कोनांची जाळी हेच उत्तर येते. अलेक्झांड्रियाच्या पॅपसने चौथ्या शतकात मधमाश्यांच्या पोळ्याविषयी बोलताना हे सांगितले होते. त्याची पूर्ण गणिती सिद्धता थॉमस हेल्स यांनी १९९९ मध्ये दिली. तेव्हा ताणाखाली असलेला फेस, पुरेसा वेळ मिळाला तर, आपले वेडेवाकडे बुडबुडे सावरत पोळ्याच्या दिशेने जाणारच. दोन काचांमध्ये दाबलेला फेस पाहा: प्रत्येक कोपऱ्यात तीनच भिंती भेटतात, आणि त्या १२० अंशांनी भेटतात, म्हणजे नेमक्या षट्कोनाच्या कोनाने. बुडबुड्यांच्या बाजू मोजा: सरासरी सहा. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे बसाल्टचे खांब पाहा, तिथेही तेच. एवढा पुरावा असताना शंका कशाला?

यातले प्रत्येक विधान खरे आहे. हेल्स यांचे प्रमेय खरे, १२० अंश खरे, सरासरी सहा हेही खरे. आणि तरीही यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. फेस पोळ्याकडे जात नाही. उलट, जवळजवळ निर्दोष पोळ्यासारखा फेस मुद्दाम बनवून ठेवला, तर तो बिघडत जातो, आणि पुन्हा कधीच सुधारत नाही.

आधी सहाच्या सरासरीचे पाहू, कारण पूर्वपक्षाचा सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावर आहे आणि तिथेच त्याच्याजवळ सगळ्यात कमी भांडवल आहे. ज्या जाळीत प्रत्येक कोपऱ्यात तीन भिंती भेटतात, तिचा हिशेब करा. प्रत्येक भिंतीला दोन टोके असतात, म्हणून तीनशे भिंती असतील तर कोपरे दोनशे. लिओनार्ड ऑयलरचा अठराव्या शतकातला नियम सांगतो की कोपऱ्यांच्या संख्येतून भिंती वजा करून त्यांत खोल्या मिळवल्या तर उत्तर एक येते. म्हणजे खोल्या सुमारे शंभर. प्रत्येक भिंत दोन खोल्यांची असते, म्हणून बाजूंची एकूण मोजणी सहाशे. शंभर खोल्या, सहाशे बाजू, सरासरी सहा. कडेच्या खोल्यांमुळे थोडाफार फरक पडतो. जाळी मोठी असेल तर तोही उरत नाही.

या हिशेबात ताण कुठेच आला नाही. काटकसर आली नाही, काळ आला नाही, साबणही आला नाही. आपल्याकडच्या एखाद्या खलाटीतल्या भाताच्या कुणग्यांचा नकाशा घेतला, तरी जिथे तीन-तीन बांध भेटतात तिथे एका कुणग्याला लागून असलेल्या कुणग्यांची सरासरी सहाच्याच आसपास निघेल, मग ते कुणगे लांबट असोत, चिंचोळे असोत की भावाभावांच्या वाटण्यांनी वेडेवाकडे झालेले असोत. त्यावरून शेतकऱ्याला षट्कोन प्रिय आहे असे कोणी म्हणणार नाही. फेस ताजा असो, दिवसभराचा असो किंवा मरणपंथाला लागलेला असो, सरासरी सहाच राहते. जी संख्या कोणत्याही अवस्थेत बदलूच शकत नाही, ती एखाद्या दिशेने चाललेल्या बदलाचा पुरावा होऊ शकत नाही.

१२० अंशांचेही तसेच. बेल्जियमच्या जोसेफ प्लाटो यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साबणाच्या पापुद्र्यांचे नियम मांडले. त्या वेळी ते कित्येक वर्षे पूर्ण अंध होते आणि प्रयोगातले पाहण्याचे काम इतर जण करत. तीन पापुद्रे सारख्या ताणाने एका रेषेत भेटले तर ते समतोलासाठी सारख्या कोनात बसतात. चार भेटले तर ती मांडणी टिकत नाही, लगेच तीन-तीनमध्ये मोडते. हा स्थानिक नियम आहे. तो एका कोपऱ्याबद्दल बोलतो. पाच बाजूंच्या बुडबुड्याच्याही प्रत्येक कोपऱ्यात १२० अंशच असतात, आठ बाजूंच्याही. मग भिंतींना वाकावे लागते, एवढेच. आणि हे वाकणेच पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ आहे.

हे पहिल्यांदा नीट ओळखले जॉन फॉन न्यूमन यांनी. सिरिल स्टॅन्ली स्मिथ हे धातुशास्त्रज्ञ होते. तापवलेल्या धातूतले कण हळूहळू मोठे होत जातात. त्या वाढीची नक्कल म्हणून ते काचेच्या चपट्या पेटीत कोंडलेला साबणाचा फेस अभ्यासत. त्यांचा त्यावरचा निबंध १९५२ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर मेटल्सच्या ग्रंथात छापला गेला आणि त्याच्यावरच्या चर्चेत फॉन न्यूमन यांचे एक छोटेसे टिपण आले. फेसाच्या अभ्यासात त्या टिपणाइतकी मोलाची पाने फार थोडी असतील असे माझे मत आहे. त्यातली युक्ती शाळेतल्या भूमितीची आहे, म्हणून ती इथे पूर्ण देतो.

बुडबुड्याच्या भिंतीवरून चालत एक फेरी मारा. कोणत्याही बंद आकाराला फेरी मारून मूळ जागी, मूळ दिशेला तोंड करून यायचे, तर एकूण ३६० अंश वळावे लागते. बुडबुड्याच्या आतला प्रत्येक कोन १२० अंशांचा, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात आपण ६० अंश वळतो. बुडबुडा सहा बाजूंचा असेल तर सहा कोपऱ्यांतच ३६० अंश पुरे होतात. भिंतींच्या वाट्याला काही उरत नाही. एखादी बाहेर फुगली तर दुसरी तेवढीच आत दबलेली असते. पाच बाजूंचा असेल तर कोपऱ्यांत ३०० अंशच होतात; उरलेले ६० अंश भिंतींनी वाकून भरून काढायचे, म्हणून त्या एकंदरीने बाहेर फुगतात. सात बाजूंचा असेल तर कोपऱ्यांतच ४२० अंश होऊन जातात. जास्तीचे ६० अंश उलटे फिरवायचे, म्हणून त्याच्या भिंती आत दबतात.

भिंत फुगली याचा अर्थ आतला दाब जास्त. पापुद्र्यातून हवा थोडी थोडी विरघळून पलीकडे जातच असते, आणि किती जाते हे दाबाच्या फरकावर, म्हणजे भिंतीच्या वक्रतेवर ठरते. सगळ्या भिंतींवरची वक्रता एकत्र केली की वरचाच हिशेब हाती येतो: एक बाजू कमी, तर ६० अंशांइतकी गळती, एक बाजू जास्त, तर तेवढीच आवक. म्हणून बुडबुड्याचे क्षेत्रफळ किती वेगाने बदलणार हे फक्त त्याच्या बाजूंच्या संख्येतून सहा वजा करून ठरते. पाच बाजूंचा आटतो, चार बाजूंचा दुप्पट वेगाने, तीन बाजूंचा तिप्पट वेगाने. सात बाजूंचा वाढतो, आठ बाजूंचा त्याच्या दुप्पट. सहा बाजूंचा आहे तसा राहतो.

या नियमात बुडबुड्याचा आकार लहान की मोठा हे कुठेच येत नाही, आणि मला यातले सर्वांत विलक्षण हेच वाटते. बोटाच्या पेराएवढा पंचकोनी बुडबुडा आणि मोहरीएवढा पंचकोनी बुडबुडा, दोघेही एका तासात सारखेच क्षेत्रफळ गमावतात. 'मोठा लहानाला गिळतो' हे जे सरसकट सांगितले जाते, तेही म्हणूनच अर्धसत्य आहे. मोठ्या बुडबुड्याला सहसा शेजारी जास्त असतात म्हणून तो वाढतो. शेजारी पाचच असतील तर तो मोठा असूनही आटेल. भिंती फुटून बुडबुडे एकमेकांत मिसळतात म्हणून फेस जाड होतो, ही दुसरी समजूत तर इथे पूर्णपणे गैरलागू आहे. या सगळ्या हिशेबात एकही भिंत फुटलेली नाही. वायू बदलला की वेग बदलतो, एवढे पाहिले तरी खात्री पटते: पाण्यात सहज विरघळणाऱ्या कार्बन डायॉक्साइडचा फेस नायट्रोजनच्या फेसापेक्षा फार लवकर जाड होतो.

इथे पूर्वपक्षी म्हणेल, मग सहा बाजूंचा बुडबुडा स्थिर आहे हे तुम्हीच सिद्ध केलेत. बाकीचे येतील नि जातील, सहावाले टिकतील, शेवटी तेच उरतील. हा युक्तिवाद चतुर आहे, पण तो एक गोष्ट विसरतो. बुडबुड्याच्या बाजूंची संख्या त्याच्या मालकीची नसते, ती शेजाऱ्यांवर अवलंबून असते. तीन बाजूंचा बुडबुडा आटून नाहीसा झाला की त्याच्या तिन्ही शेजाऱ्यांची एकेक बाजू जाते. चार बाजूंचा गेला की दोन शेजाऱ्यांची जाते. काल सहा बाजूंचा असलेला बुडबुडा, स्वतः काहीही न करता, आज पाच बाजूंचा होतो आणि त्याच क्षणी आटू लागतो. सहा ही वाढ आणि मरण यांच्यामधली सीमारेषा आहे. तिच्यावर आज उभा असलेला बुडबुडा उद्या कुठल्या बाजूला पडेल हे त्याच्या हाती नाही.

एक गोष्ट मात्र पूर्वपक्षाला दिलीच पाहिजे. अमर्याद पसरलेले, एकही दोष नसलेले षट्कोनांचे पोळे असेल, तर फॉन न्यूमन यांच्या नियमाने त्यातला एकही बुडबुडा वाढणार नाही की आटणार नाही. ते तसेच राहील. पण 'असलेले तसेच राहील' आणि 'नसलेले तसे होईल' या दोन विधानांत फार अंतर आहे. शिवाय त्या पोळ्यात एक दोष पुरतो. एका ठिकाणी पाच आणि सात बाजूंची जोडी असली की पाचवाला आटतो, सातवाला फुगतो, पाचवाला मेला की त्याच्या भोवतीच्या सहावाल्यांपैकी कुणाची तरी बाजू जाते, आणि बिघाड एकेका शेजाऱ्यातून पसरू लागतो. खऱ्या फेसाला कडा असते, दोष असतात. निर्दोष पोळे कागदावरच असते.

हा तर्कच आहे, प्रयोग कुठे आहे, असे कोणी विचारले तर प्रयोगही आहे, आणि तो झेरॉक्स यंत्रावर झालेला आहे. १९८७ मध्ये जेम्स ग्लेझियर, स्टीव्हन ग्रॉस आणि जोएल स्टॅव्हन्स यांनी चपट्या पेटीतला फेस वारंवार थेट झेरॉक्स यंत्रावर ठेवून त्याच्या प्रती काढल्या आणि बुडबुड्यांच्या बाजू मोजल्या. त्यांनी सुरुवात केली ती जवळजवळ सारख्या आकाराच्या, बव्हंशी षट्कोनी बुडबुड्यांपासून, म्हणजे पूर्वपक्षाला सगळ्यांत सोयीच्या ठिकाणापासून. दोष वाढले, षट्कोनांचे सलग पट्टे बेटांसारखे तुटत गेले आणि ती बेटेही कडेने खाल्ली गेली. बाजूंच्या संख्येत किती विषमता आहे याचे एक माप असते: प्रत्येक बुडबुड्याच्या बाजूंचा सहापासूनचा फरक, त्याचा वर्ग, आणि त्या वर्गांची सरासरी. निर्दोष पोळ्यासाठी ते शून्य. अशा फेसात ते शून्याजवळून चढत गेले, वरच्या टोकाला पोचून थोडे उतरले, आणि १.४ च्या आसपास येऊन स्थिरावले. शून्याकडे ते परत वळले नाही. स्थिरावलेल्या फेसात पाच बाजूंचे बुडबुडे सहा बाजूंच्यांच्या तोडीस तोड असतात, आणि षट्कोन एकूण बुडबुड्यांच्या निम्म्याहून पुष्कळ कमी.

१.४ ला स्थिरावल्यावरही फेस थांबत नाही. बुडबुड्यांचे सरासरी क्षेत्रफळ काळाच्या प्रमाणात वाढत राहते, त्यांची संख्या त्याच प्रमाणात घटते. बदलत नाही ते फक्त विषमतेचे स्वरूप: सकाळच्या फेसाचे चित्र मोठे करून संध्याकाळच्या चित्राशेजारी ठेवले तर कोणते कुठले हे ओळखता येत नाही. या वाढीच्या वेगाविषयी बरीच वर्षे वाद होता, कारण स्मिथ यांच्या जुन्या छायाचित्रांवरून वेगळाच वेग निघत होता. फेसाची सुरुवात सुव्यवस्थित असली तर ती सुव्यवस्था मोडण्यातच बराच काळ जातो आणि त्या काळातल्या मोजण्या फसव्या असतात, हे कळल्यावर तो वाद मिटला. हा वाद ज्या कारणाने मिटला ते कारणच पूर्वपक्षाच्या विरुद्ध साक्ष देते.

आता हेल्स यांच्या प्रमेयाकडे वळू. षट्कोनांची जाळी कमीत कमी लांबीची आहे, पण कोणत्या अटीवर? सगळ्या खोल्यांचे क्षेत्रफळ सारखे आणि ठरलेले असेल तर. फेसात ती अट पाळायला कोणीच नसते. हवा पापुद्र्यातून ये-जा करत असते. अट सुटली की लांबी वाचवण्याचा कितीतरी सोपा मार्ग मोकळा होतो: बुडबुड्यांची संख्याच कमी करा. प्रत्येक खोलीचे क्षेत्रफळ चौपट केले की भिंतींची एकूण लांबी निम्मी होते, मग खोल्या कितीही बेढब असोत. तेवढी बचत बेढब खोल्या षट्कोनी करून कधीच होणार नाही. पूर्वपक्षाने निसर्गाला काटकसरी मानले यात चूक नव्हती. त्याने काटकसर चुकीच्या जमाखर्चात शोधली.

इथवर आल्यावर जाणकार पूर्वपक्षी शेवटचा आश्रय घेतो. तो म्हणतो, साबणाचा फेस हा अशुद्ध नमुना आहे. त्याच्या भिंतींतले पाणी खाली झिरपते, भिंती फुटतात, दोन काचांमध्ये दाबला तरी त्याला तिसरी मिती असतेच. खरोखरच द्विमितीय असलेला फेस पाहा, तिथे षट्कोन जिंकेल. हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर एका रेणूच्या जाडीच्या पटलांत आहे.

अशी पटले आपल्याला अपरिचित नाहीत. मिरकरवाडा बंदरात पाण्यावर जे रंगीत तवंग दिसतात ते शेकडो रेणूंच्या जाडीचे. एका रेणूच्या पटलाला रंगच नसतो, ते डोळ्यांना दिसत नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल टाकले आणि अर्धा एकर, म्हणजे आपले वीस गुंठे, पाणी शांत झाले, हे १७७४ मध्ये छापून आले. पाच घन सेंटिमीटर तेलाला वीस गुंठ्यांनी भागले तर जाडी एका मिलिमीटरच्या साधारण चार लाखाव्या हिश्शाएवढी येते, जवळजवळ एका रेणूएवढीच. पण तो भागाकार त्यांनी केला नाही. जर्मनीतल्या आग्नेस पॉकेल्स यांनी घरच्या स्वयंपाकघरात पत्र्याच्या भांड्यात अशा पटलांना दाबून मोजमापे घेतली आणि ती लॉर्ड रॅले यांच्यामुळे १८९१ मध्ये 'नेचर'मध्ये आली. अर्विंग लँगम्यूर यांनी १९१७ मध्ये त्यातले रेणू कसे उभे असतात हे दाखवले: डोके पाण्यात, शेपटी हवेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास बिस्वास, घारपुरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब साखळीची अल्कोहोले आणि अल्कॉक्सी इथेनॉले यांच्या पटलांवर काम केले; उन्हाळ्यात जलाशयांतून उडून जाणारे पाणी या पटलांनी रोखता येईल का, हा प्रश्न त्यामागे होता. दुष्काळी मुलखासाठी केलेले ते काम आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही, याची खंत वाटते. असे पटल पाणी रोखते ते घट्ट दाबलेले असताना. सैल सोडले की ते सलग राहत नाही, आणि आपल्या वादाचा विषय तिथेच सुरू होतो.

पेंटाडेकॅनॉइक आम्ल, म्हणजे पंधरा कार्बनांची साखळी असलेले मेदाम्ल, पाण्यावर पुरेसे विरळ पसरले की त्याच्या दोन अवस्था एकत्र नांदतात. काही जागी रेणू एकमेकांना धरून असतात, ती पटलाची द्रव अवस्था. काही जागी ते दूर दूर भटकतात, ती वायू अवस्था. जाडी दोन्हीकडे एका रेणूचीच. द्रव भाग भिंती होतो, वायूचा भाग बुडबुडे, आणि पाण्यावर अक्षरशः सपाट असा फेस तयार होतो. चमकणारा रंग अत्यल्प प्रमाणात मिसळला तर तो द्रवात जास्त उतरतो, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली भिंती उजळ आणि बुडबुडे काळे दिसतात. पृष्ठताणाची जागा इथे रेषेवरचा ताण घेतो, तो न्यूटनच्या लाख कोटीव्या हिश्शाच्या घरातला. भिंत आणि वायू एकाच पदार्थाचे असल्यामुळे रेणू भिंतीच्या एका अंगाला चिकटतो आणि दुसऱ्या अंगाने सुटतो. साबणाच्या फेसाशी इतके वेगळेपण असताना दोन्हींची वागणूक सारखी निघाली, तर ती साबणाच्या दोषांमुळे आहे असे म्हणता येणार नाही.

१९९० मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू ए'च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध शेजारी शेजारी आले: एक लॉस एंजेलिसच्या चार्ल्स नोब्लर यांच्या गटाचा, दुसरा बर्ज, सायमन आणि लिब्शाबर यांचा. दोन्हींत या आम्लाच्या पटलातल्या वायूच्या बुडबुड्यांचा काळानुरूप अभ्यास होता. हे काम सोपे नाही. खालचे पाणी जरा हलले की सगळा फेस सूक्ष्मदर्शकाच्या नजरेतून वाहून जातो. पण जे दिसले ते ओळखीचे होते. तीन-तीन भिंतींचे कोपरे, कमी बाजूंचे लहान बुडबुडे आटत जाणे, जास्त बाजूंचे वाढणे, एकंदर फेस जाड होत जाणे. साबणाच्या फेसाशी त्याचे नाते उघड होते. पोळे तिथेही झाले नाही.

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही पटलांत षट्कोनी मांडणी खरोखर दिसते. पाण्यावर उभ्या असलेल्या रेणूंच्या विद्युत द्विध्रुवांची तोंडे एकाच बाजूला असतात, म्हणून ते एकमेकांना लांबूनही दूर ढकलतात. रेषेचा ताण भाग मोठा करू पाहतो, हे ढकलणे त्याला फार मोठे होऊ देत नाही, आणि दोन्हींच्या ओढाताणीत एक ठरावीक आकार निघतो. स्टॅनफर्डच्या हार्डन मॅककॉनेल यांनी ही ओढाताण बारकाईने मांडली. त्या ठरावीक आकाराच्या चकत्या मग एकमेकींपासून सारखे अंतर ठेवून षट्कोनी क्रमाने बसतात. चुंबकीय गार्नेटच्या पातळ थरांतही असे ठरावीक मापाचे भाग दिसतात.

पण पाहा, इथे षट्कोन आला तो कशामुळे? आकार ठरवून देणारे दुसरे काहीतरी हजर होते म्हणून. मधाच्या पोळ्यात ते काम माशीचे शरीर करते. तिच्या मापाची खोली तयार होते आणि मेण तिथेच घट्ट होते. बसाल्टच्या खांबांत लाव्हा ज्या वेगाने थंड होतो तो वेग भेगांमधले अंतर ठरवतो, आणि तरीही पाच नि सात बाजूंचे खांब सापडतातच. षट्कोन जिथे टिकतो तिथे क्षेत्रफळाला पहारेकरी असतो. साध्या फेसाला पहारेकरी नाही. म्हणून या उदाहरणांनी पूर्वपक्ष सिद्ध होत नाही. हेल्स यांच्या प्रमेयातली अट किती महत्त्वाची आहे, एवढेच सिद्ध होते.

सिद्धान्तपक्ष असा. तीन-तीन भिंतींच्या जाळीत सहा ही सरासरी ऑयलरच्या हिशेबातून येते आणि ती कोणत्याही दिशेची खूण नाही. फेसाच्या बदलाची दिशा एकच, जाड होण्याची. सुव्यवस्थित होण्याची नव्हे. सहा बाजूंचा बुडबुडा त्या बदलाचा मुक्काम नसून त्यातली एक तात्पुरती जागा आहे. फॉन न्यूमन यांच्या नियमालाही मर्यादा आहेत, भिंती जाड आणि ओल्या असतील तर तो तंतोतंत लागत नाही. पण त्या मर्यादांमुळे पूर्वपक्षाला काहीच मिळत नाही. २००७ मध्ये रॉबर्ट मॅकफर्सन आणि डेव्हिड स्रोलोविट्झ यांनी हाच नियम त्रिमितीत आणि त्याहून वरच्या मितींतही कसा मांडायचा ते दाखवले, आणि तिथेही फेस पोळ्याकडे वळलेला नाही.

विज्ञान शिकवणाऱ्या रत्नागिरीतल्या आणि बाहेरच्या शिक्षकांना एक विनंती आहे. प्रदर्शनात षट्कोनांचा तक्ता लावण्याऐवजी काचेचे दोन तुकडे दोन-तीन मिलिमीटर अंतरावर धरा, कडा बंद करा, मध्ये साबणाचा फेस भरा, आणि मुलांना सकाळी एकदा नि शाळा सुटताना एकदा प्रत्येक बुडबुड्याच्या बाजू मोजायला लावा. कडेचे बुडबुडे सोडून मोजा. दोन्ही वेळा सरासरी सहाच्या जवळ येईल, दोन्ही वेळा षट्कोन निम्म्याहून कमी निघतील, आणि संध्याकाळी मोजायला बुडबुडे कमी उरलेले असतील.